पुढल्या सालाचा देव

देवांना खाती वाटून देण्याची आपल्याला फार हौस. हा पावसाचा, ती विद्येची, तो युद्धाचा, असे एकदा लिहून टाकले की मंत्रिमंडळ बनवल्याचे समाधान मिळते आणि अधिक विचार करण्याची गरज उरत नाही. परक्या दैवतांच्या वाट्याला तर कोशातली एखादी ओळच येते. ‘स्वांतेवित : प्राचीन स्लाव्ह लोकांचा युद्धाचा व समृद्धीचा देव, चार तोंडे, वाहन पांढरा घोडा, मूर्ती 1168 साली नष्ट.’ झाले, आटोपला देव!

माझे भांडण या ओळीतल्या ‘व’ या एका अक्षराशी आहे. युद्ध ‘व’ समृद्धी म्हटले की एकाच इसमाकडे योगायोगाने दोन खाती आली असावीत असे वाटू लागते. ज्यांनी हा देव पुजला त्यांना ही दोन खाती दिसत होती असे मला वाटत नाही. त्यांच्या पूजेची जी हकीकत आपल्यापर्यंत पोचली आहे ती सावकाश वाचली, तर तिच्यात सारखा एकच प्रश्न विचारलेला आढळतो : पुढले साल कसे जाईल? धान्य पुरेल का, आणि समुद्रापलीकडे गेलेली माणसे परत येतील का, ही त्या एका प्रश्नाचीच दोन अंगे.

बाल्टिक समुद्रात, आजच्या जर्मनीच्या ईशान्य कोपऱ्यात, रुगेन नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाला खडूच्या पांढऱ्या कड्यावर आर्कोना नावाचे ठाणे होते. बाराव्या शतकात या बेटावर रुयानी नावाची स्लाव्ह जमात राहत असे. पोल, चेक, रशियन यांचे हे भाऊबंद. ठाण्याच्या तीन बाजूंना समुद्रात तुटलेले कडे आणि पश्चिमेला माणसांनी घातलेला 50 हात उंचीचा तट. खालचा अर्धा मातीचा, वरचा अर्धा लाकडाचा. आत मोकळ्या सपाटीवर लाकडी देऊळ. बाहेरच्या भिंतींवर रंगवलेले कोरीवकाम, वर लाल छप्पर, आणि आतल्या गाभाऱ्याला भिंतींऐवजी चार खांबांच्या मधून सोडलेले पडदे. त्या पडद्यांआड माणसाच्या कितीतरी पट मोठी लाकडी मूर्ती उभी होती. चार माना, चार डोकी. दोन छातीच्या अंगाला, दोन पाठीच्या. दाढी केलेली, केस आखूड कापलेले, अगदी त्या बेटावरच्या पुरुषांच्या रिवाजाप्रमाणे. उजव्या हातात निरनिराळ्या धातूंचे शिंग, डावा हात वाकवून कमरेशी टेकलेला. शेजारी लगाम, खोगीर आणि चांदीच्या मुठीची अवाढव्य तलवार.

हे सारे आपल्याला कोणी सांगितले? येथेच थोडे सावध व्हायला हवे. रुयानी लोकांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. आपले दोन मुख्य साक्षीदार म्हणजे साक्सो ग्रामाटिकस आणि हेल्मोल्ड. साक्सो हा डेन्मार्कचा इतिहासकार. ज्या बिशप आबसालोनने आर्कोनाच्या मोहिमेत पुढाकार घेतला, त्याच्याच पदरी राहून त्याने डेन लोकांचा लॅटिन इतिहास लिहिला. हेल्मोल्ड हा होल्स्टाइन भागातल्या बोझाऊ या गावचा ख्रिस्ती धर्मगुरू. त्याने आपला वृत्तांत आर्कोना पडल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांच्या आतच संपवला. म्हणजे खटल्यात फिर्यादी तोच, साक्षीदार तोच आणि निकालपत्राची नक्कल काढणारा कारकूनही तोच. आरोपीचा वकील नाही, आणि आरोपी तर सरपणात गेलेला.

पण म्हणून सगळेच खोटे म्हणून फेकून द्यावे, हेही मला पटत नाही. साक्षीदार वैरी असला तरी डोळे मिटून बसलेला नसतो. जेथे त्याच्या सांगण्याने त्याच्या पक्षाचा फायदा होतो तेथे मी त्याचे शब्द तोलून घेईन; जेथे काहीच फायदा नाही, उलट थोडा तोटाच आहे, तेथे त्याच्यावर बराच विश्वास टाकीन. हेल्मोल्ड सांगतो की या देवाला दरवर्षी चिठ्ठी टाकून एका ख्रिस्ती माणसाचा बळी देत. असेलही. पण साक्सो, ज्याला त्या देवाबद्दल तिळमात्र प्रेम नाही, तो वार्षिक उत्सवाचे बारीकसारीक वर्णन करतो, आणि त्यात बळी आहेत ते जनावरांचे. नरबळीचा आरोप मी खोटा ठरवत नाही, पण सिद्ध झाला असेही मानत नाही. उलट हाच हेल्मोल्ड, त्या लोकांच्या ख्रिस्तद्वेषाबद्दल कडवटपणे लिहून झाल्यावर, एक गोष्ट कबूल करून टाकतो : त्यांच्यात आतिथ्य मोठे आहे, आईबापांना ते नीट सांभाळतात, आणि त्यांच्यामध्ये कोणी गरजू किंवा भिकारी सापडत नाही, एखादा आजाराने वा म्हातारपणाने थकला की त्याला वारसाच्या हवाली करून त्याची देखभाल केली जाते. ज्या धर्मगुरूला आपलाच समाज श्रेष्ठ ठरवायचा आहे, तो हे वाक्य उगाच लिहील का? मला हे वाक्य त्या चार डोक्यांपेक्षा अधिक विलक्षण वाटते.

आता उत्सवाकडे वळू. तो वर्षातून एकदा, पीक घरात आल्यावर होई. आदल्या दिवशी पुजारी गाभारा झाडून काढी. स्वतः पुजाऱ्याने झाडायचे. आत जाण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाच नव्हता. झाडताना आत श्वास सोडायचा नाही. दम कोंडला की दाराकडे धावत यायचे, बाहेर श्वास सोडायचा आणि पुन्हा आत शिरायचे. मर्त्य माणसाच्या उच्छ्वासाने देव विटाळू नये म्हणून. मुंबईतल्या अग्यारीत पारशी मोबेद तोंडावर पांढरा पडदा बांधून अग्नीपुढे उभा राहतो, त्याच्याही मागे हीच भावना आहे. साक्सोने हे बहुधा हसण्यासाठी सांगितले असावे. मला मात्र गाल फुगवून, हातात झाडू घेऊन दाराकडे धावणारा तो म्हातारा पुजारी (साऱ्या बेटावर लांब दाढी आणि लांब केस राखणारा तो एकटाच) फार खरा वाटतो. असे दृश्य कोणी कल्पनेने रचत नाही.

दुसऱ्या दिवशी सारे बेट देवळापुढे जमे. पुजारी मूर्तीच्या हातातले शिंग उतरवून घेई. गेल्या वर्षी त्यात काठोकाठ मद्य भरून ठेवलेले असे. ते जराही कमी झालेले दिसले, तर पुढले साल ओढीचे. तेव्हा यंदाचे धान्य राखून ठेवा, असा हुकूम. पातळी तशीच असली, तर पुढले साल भरघोस. मग हात सैल सोडायला हरकत नाही. जुने मद्य देवाच्या पायाशी ओतायचे, शिंग नव्याने भरायचे, देवाला उद्देशून स्वतःसाठी आणि देशासाठी कल्याण मागायचे, लोकांसाठी संपत्ती आणि विजय मागायचा, आणि ते एका दमात पिऊन टाकून पुन्हा भरलेले शिंग देवाच्या हातात ठेवायचे.

संपत्ती आणि विजय! एकाच घोटापूर्वी, एकाच श्वासात. येथे ‘व’ कोठे आहे ते मला कोणी दाखवावे.

कोणी चतुर मनुष्य म्हणेल की उघड्या शिंगातले मद्य वर्षभरात आटणारच, आणि आदल्या दिवशी एकट्याने गाभाऱ्यात वावरणाऱ्या पुजाऱ्याला पातळी हवी तशी करून घेणे काय कठीण? मान्य. परंतु या शंकेने पूजेचे मोल कमी होते असे नव्हे. ज्या बेटावर एका वाईट उन्हाळ्याने माणसे उपाशी मरू शकतात, तेथे सुगीच्या ऐन आनंदात, कोठारे भरलेली असताना, ‘जपून खा’ असे सांगण्याचे धैर्य माणसाच्या अंगी कोठून यायचे? ते देवाच्या तोंडून आले तरच ऐकले जाते. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला होणारी घटमांडणी वाचकांना ठाऊक असेल. तेथेही पाऊस आणि पीक विचारून झाले की राजाच्या गादीचे काय, हेही त्याच मांडणीतून वाचतात. दोन्ही प्रथांत नाते काही नाही. शेतावर पोट असलेल्या माणसाला हे प्रश्न वेगवेगळे सुचत नाहीत, एवढेच.

मग येई पोळी. मधाची, वाटोळी, आणि जवळजवळ पुरुषभर उंचीची. पुजारी ती आपल्या व लोकांच्या मध्ये उभी करी आणि विचारी, ‘मी तुम्हाला दिसतो का?’ लोक म्हणत, ‘दिसतोस.’ त्यावर तो म्हणे, ‘पुढल्या वर्षी दिसू नये.’ म्हणजे पोळी इतकी मोठी व्हावी की तिच्यामागे मी झाकून जावा. साऱ्या युरोपच्या धर्मेतिहासात याहून गोड प्रार्थना मला आढळलेली नाही. स्वतः पुजाऱ्याने स्वतः अदृश्य व्हावे असे मागावे! नंतर दिवसभर खाणेपिणे. त्या दिवशी शुद्धीवर राहणे हेच पाप मानले जाई, असे साक्सो नाक मुरडून नोंदवतो.

घोड्याचेही तसेच. देवळाचा एक पांढरा घोडा होता. त्याच्या आयाळीचा वा शेपटीचा केस उपटणे पाप. त्याला चारा घालायचा आणि त्याच्यावर बसायचे ते पुजाऱ्यानेच. रात्री देव स्वतः त्याच्यावरून शत्रूवर चालून जातो अशी समजूत, कारण सकाळी घोडा घामाने आणि चिखलाने माखलेला आढळे. मोहीम काढण्याआधी देवळापुढे भाल्यांच्या तीन ओळी मांडत. टोके जमिनीत रोवलेले, एकमेकांवर तिरपे टेकवलेले भाले. त्यांवरून घोडा नेला जाई. त्याने उजवा पाय आधी टाकला तर शुभ; एकदाही डावा पडला तर बेत रद्द. शिंग पिकाला आणि घोडा लढाईला, अशी खाती येथे तरी वेगळी आहेत ना, असे कोणी विचारील. परंतु दोन्ही साधनांची रीत पाहा. दोन्ही पुढचे विचारतात, आणि दोन्हींना ‘थांबा’ म्हणता येते. पुजाऱ्याचा मान राजापेक्षा मोठा होता असे हेल्मोल्ड म्हणतो, तो याच ‘थांबा’मुळे असावा असे मला वाटते. लढाईला जा म्हणणारे पुष्कळ असतात. जाऊ नका म्हणणारा घोडा विरळा.

येथवर मी त्या देवाची बाजू पुष्कळ घेतली. पण या समृद्धीचा हिशेब मांडायचा तर जमेच्या बाजूला नुसते बार्ली आणि मध येत नाहीत. बेटावरचा प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक स्त्री वर्षाला एक नाणे देवाला देई. नोव्हेंबरात हेरिंग मासळीसाठी येणाऱ्या परक्या व्यापाऱ्यांनाही आधी देवाचा भाग द्यावा लागे. त्याखेरीज युद्धातल्या लुटीचा तिसरा हिस्सा देवाचा. देवाच्या नावाने 300 घोडे आणि तितकेच स्वार वेगळे ठेवलेले होते, आणि त्यांनी जे मिळवले ते सगळे पुजाऱ्याच्या ताब्यात जाई. ही मिळकत कोठून येत होती? डेन्मार्कच्या किनाऱ्यावरची गावे लुटून, तेथली माणसे धरून नेऊन. आर्कोना पडले तेव्हा तहाच्या अटींत ख्रिस्ती कैद्यांना मोबदल्याशिवाय सोडावे अशी एक अट होती. म्हणजे कैदी होते. ज्या बेटावर भिकारी नव्हता, त्या बेटावर दावणीला बांधलेली माणसे होती. एका किनाऱ्याची पोळी उंच होत होती तेव्हा दुसऱ्या किनाऱ्यावर चुली थंड पडत होत्या. हे विसरून स्वांतेवितची आरती ओवाळणाऱ्यांत मी नाही.

आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर डेन लोक तरी काय मागायला आले होते? यापूर्वीही एकदा, 1136 साली, त्यांनी आर्कोनाला शरण आणून बाप्तिस्मा घ्यायला लावले होते. पाठ फिरताच रुयानी लोक आपल्या देवाकडे परतले. मधल्या काळात स्वेन नावाच्या डेन्मार्कच्याच एका ख्रिस्ती राजाने या देवाला सुरेख घडणीचा पेला भेट म्हणून पाठवला. हे साक्सोनेच, अर्थात हळहळून, लिहून ठेवले आहे. शेवटी 1168 च्या जून महिन्यात राजा पहिला वाल्डेमार आणि आबसालोन यांच्यापुढे आर्कोना शरण आले. अटी अशा : मूर्ती आणि देवळाचा खजिना द्यावा, कैदी सोडावेत, ख्रिस्ती धर्म घ्यावा, देवाच्या जमिनी चर्चला द्याव्यात, राजाच्या मोहिमांत सामील व्हावे, आणि दर बैलजोडीमागे वार्षिक खंडणी भरावी. शेवटची अट मला सर्वांत बोलकी वाटते. देव गेला, पण त्याने ज्या नांगराची काळजी वाहिली होती तो नांगर नव्या मालकाच्या वहीत बरोबर चढला. शहर लुटायला मिळाले नाही म्हणून डेन सैनिक कुरकुरले, अशीही नोंद आहे.

मूर्ती पाडण्याचे काम आबसालोनचा भाऊ एस्बेर्न आणि सुने या दोघांकडे आले. पडदे ओढून काढले, नडग्यांवर कुऱ्हाड घातली, मूर्ती मागच्या भिंतीवर रेलली. मग भिंत पाडून ती जमिनीवर आणली. तिला दोर बांधून ओढून न्या, असे बेटावरच्या लोकांना फर्मावले, तर कोणी हात लावायला धजेना. शेवटी कैद्यांना आणि परमुलखातल्या माणसांना जुंपावे लागले. पाहणाऱ्यांत काही रडत होते, काही हसत होते. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. कालपर्यंत ज्याच्यापुढे श्वासही सोडता येत नव्हता तो फरफटत जाताना पाहून माणूस काय करील ते सांगता येत नाही. संध्याकाळी छावणीतल्या आचाऱ्यांनी त्याची लाकडे फोडली आणि त्यांवर सैन्याचा स्वयंपाक झाला.

आता आपल्या घरच्या एका मोहाबद्दल. ‘स्वेतोविद’ हे या देवाच्या नावाचे रूढ झालेले रूप दिसले की मराठी वाचकाच्या कानात लगेच ‘श्वेत’ आणि ‘विद्’ घुमू लागतात. त्यात पांढरा घोडा! मग अश्वमेध आठवतो, आणि हा देव वेदांतूनच तिकडे गेला असा निकाल लावायला दहा मिनिटेही लागत नाहीत. असे निकाल आपल्याकडे पूर्वीही लागत आणि आता तर पीकच आले आहे. पण ते ‘विद’वाले रूप उत्तरकालीन आहे. जुन्या ग्रंथांत ‘स्वांतेवित’ असे रूप येते, आणि त्याचा पहिला भाग श्वेताशी जुळत नाही. तो अवेस्तातल्या ‘स्पेन्त’ या शब्दाचा भाऊ आहे, ज्याचा अर्थ पवित्र, कल्याणकारी. दुसरा भाग रुगिएवित, पोरेवित, यारोवित अशा शेजारच्या देवांच्याही नावांत आहे आणि तो स्वामित्व किंवा सामर्थ्य दाखवतो असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे नाते आहे, पण दूरच्या चुलत घराण्याचे. आणि चुलत भावाच्या घरात शिरून ‘हे आमचेच’ म्हणणे बरे दिसत नाही. हेल्मोल्डनेही हेच केले होते. त्याच्या मते स्वांतेवित म्हणजे ख्रिस्ती संत व्हितुसच. कोर्व्हाय मठाच्या साधूंनी तो तिकडे नेला आणि अडाणी लोकांनी त्याचा देव केला. आज फारसे कोणी हे मानत नाही. पण पराजिताचा देवसुद्धा मूळचा आपलाच, असे म्हणण्यात जेत्याला केवढा आनंद होतो ते त्यावरून कळते.

अलीकडे, विशेषतः 1990 नंतर, पोलंड आणि इतर स्लाव्ह देशांत जुन्या धर्माचे पुनरुज्जीवन करणारे गट निघाले आहेत. पोलंडमध्ये असा एक पंथ 1995 साली सरकारदरबारी नोंदला गेला. कोणी कोणाला पुजावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझी तक्रार एवढीच की आज या देवाचे जे रूप लोकप्रिय झाले आहे त्यात तलवार ठळक असते, घोडा उधळलेला असतो, आणि झाडू व पोळी शोधूनही सापडत नाहीत. त्यापेक्षा चेक चित्रकार आल्फोन्स मुखा याला हा देव अधिक समजला होता असे मला वाटते. आपल्या ‘स्लाव्ह महाकाव्य’ या चित्रमालेत त्याने 1912 साली रुगेनचा हा उत्सव रंगवला. सुमारे आठ मीटर रुंद आणि सहा मीटर उंच चित्र. खाली पांढऱ्या वेशातली आनंदी गर्दी, वर आकाशात उत्तरेकडच्या शत्रूचे लांडगे. आणि त्या गर्दीत मूल घेतलेली एक आई, जी उत्सवाकडे पाठ करून समोर पाहते आहे.

प्रत्यक्ष पुरावा म्हणाल तर फार थोडा. 1848 साली झ्ब्रुच नदीत चार तोंडांचा एक दगडी स्तंभ सापडला, तो क्राकोवच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे; पण ती जागा रुगेनपासून फार दूर, आणि 2011 साली दोन युक्रेनी पुरातत्त्वज्ञांनी तो एकोणिसाव्या शतकातला बनाव असल्याचे मत मांडले, जे इतरांना मान्य नाही. वोलिन येथे मात्र 1974 साली चार तोंडांची लाकडी मूर्ती मिळाली, सुमारे 9 सेंटिमीटरची, मुठीत मावणारी. आर्कोनाला कार्ल शुखहार्ट याला 1921 साली देवळाचा पायाच सापडल्यासारखे वाटले होते. पुढच्या संशोधकांनी ते ग्राह्य धरले नाही. खडूचा तो कडा शतकानुशतके ढासळत आला आहे, आणि देवळाची जागा केव्हाच समुद्रात गेली असे आता मानतात.

तेथून जवळच आल्टेनकिर्खेन गावच्या जुन्या चर्चमध्ये एक कोरीव दगड आहे. त्यावर एक दाढीवाला माणूस असून त्याने हातात भले मोठे शिंग धरले आहे. कोणी म्हणतात तो आर्कोनाचा पुजारी, कोणी म्हणतात रुगेनच्या एखाद्या सरदाराच्या थडग्यावरचा दगड. चर्च बांधणाऱ्यांनी तो भिंतीत आडवा बसवला आहे. शिंगात काही असते, तर केव्हाच सांडून गेले असते.